मशीनच्या पोटातली मशीन

सुरैया नेमकं काय काम करते, हे चौसाळ्यात कुणालाच धड सांगता येत नसे. बायका तिच्या आईला, अजमतबीला, खोदून खोदून विचारत तेव्हा ती ठसक्यात सांगायची, "मशीनच्या पोटात दुसरी मशीन असती. ती आतली बिमार पडली की आमची सुरैया तिला दवा देती." बायका एकमेकींकडे बघून हसू दाबत. पण खरं सांगायचं तर पुण्यातल्या कंपनीने सुरैयाला जे लांबलचक पद दिलं होतं, त्यापेक्षा अजमतबीचं उत्तर कितीतरी बरोबर होतं.

कारण काम अगदी तसंच होतं. एका दणकट कॉम्प्युटरच्या आत दुसरा आख्खा कॉम्प्युटर चालवता येतो. हात लावायला तो नसतो, नुसता प्रोग्रामचा केलेला असतो. पण त्याची स्वतःची विंडोज असते, स्वतःची डिस्क असते, स्वतःचं घड्याळ असतं, आणि आपण दुसऱ्याच्या पोटात राहतो याची त्याला गंधवार्ताही नसते. त्याला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. हा आतला अडला, रुसला, निपचित पडला, तर बाहेरून एक सोय असते. त्याला जागच्या जागी थांबवायचं, त्याच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते बघायचं, आणि मग पुन्हा सोडून द्यायचं. पुण्यात सुरैयाने काही वर्षं हेच केलं. आतल्या मशिनींचे आजार शोधण्यात तिचा हात धरणारं त्या मजल्यावर कुणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सांगत असे, कारण विनय हा तिचा गुण नव्हता.

तिचा खरा गुण वेगळाच होता आणि तो तिला बापाच्या दुकानात लागला होता. मैनुद्दीनचं दुकान स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. जळालेल्या मोटारी उलगडून नव्या तारेने बांधून देणं हा त्याचा धंदा. दुष्काळ पडला की विहिरी तळाला जातात, मोटारी कोरड्या चालतात आणि जळतात. त्यामुळे ज्या साली सगळा तालुका हवालदिल, त्या साली मैनुद्दीनच्या दारात मोटारींचा ढीग. "दुसऱ्याची विहीर आटली की आपली चूल पेटती. लई वंगाळ धंदा हाय," असं म्हणत तो जीव ओतून तारा गुंडाळायचा. मात्र मोटार हातात घेतली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "कावून जळाली?" गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "मिस्त्री, तुमी बांधा की लवकर, कावून न् फावून." मैनुद्दीन ऐकायचा नाही. कारण कळल्याशिवाय बांधलेली मोटार आठवड्यात परत दारात येते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

लहानपणी त्या ढिगावर बसून गृहपाठ करणाऱ्या सुरैयाच्या डोक्यात हा 'कावून' असा काही शिरला की पुढे अंबाजोगाईच्या कॉलेजात मास्तर तिला टरकायला लागले. अर्ध्या उत्तरावर ती उठायची नाही. जेवायची नाही, बोलायची नाही, कुणी बोललं तर खेकसायची. अजमतबी म्हणायची, हिला नवरा नको, कोडं द्या. कुणाला हातात धरून दाखवता येत नाही असं पुण्यातलं काम करून करून ती एक दिवस कंटाळली, बापाची नजरही बारीक तारेला दगा देऊ लागली होती, आणि ती चौसाळ्याला परत आली. दुकानाच्या एका अंगाला मोटारी, दुसऱ्या अंगाला कॉम्प्युटर दुरुस्ती, अशी वाटणी झाली.

आता पुढची गोष्ट सोळा सालच्या उन्हाळ्याची. ती शेवटी गोड झाली हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या उन्हाळ्यात जिवाला घोर लावणाऱ्या गोष्टी उदंड होत्या, त्यात आणखी एकीची भर घालायची माझी इच्छा नाही.

चौसाळ्याच्या बाहेर, हायवे सोडून थोडं आत, माळरान दूध उत्पादक सहकारी संस्थेचं शीतकरण केंद्र होतं. वरच्या वाड्यावस्त्यांतलं दूध तिथे यायचं, मोठ्या स्टीलच्या टाकीत गार व्हायचं, आणि सकाळी उशिरा दूध संघाचा टँकर येऊन ते घेऊन जायचा. शेतात त्या साली काही उगवलं नव्हतं. बोअर कोरडे, ऊस वाळून सरपण झालेला. जनावरं चारा छावणीत, आणि त्यांनी दिलेलं दूध हीच काय ती घरात येणारी चीज. सहकाराच्या नावाने बोटं मोडणारे लोकसुद्धा त्या उन्हाळ्यात केंद्रासमोरून जाताना आवाज खाली करायचे.

टाकी गार करायचं काम कॉम्प्रेसरचं, आणि कॉम्प्रेसर केव्हा चालू, केव्हा बंद, हे ठरवायचं काम एका जुनाट कॉम्प्युटरचं. ज्याने तो प्रोग्राम लिहिला त्याने केव्हाच दुकान गुंडाळलं होतं. चैतात एका दुपारी उकाड्याने आणि खालीवर होणाऱ्या विजेने त्या कॉम्प्युटरने मान टाकली. हाताने कॉम्प्रेसर चालवावा तर मागे एकदा असाच हाताने चालवून जाळला होता, तेव्हापासून संघाने त्या बटणाच्या पेटीला कुलूप ठोकलेलं. जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालेना. संस्थेचे चेअरमन सुंदरराव पांढऱ्या कपड्यांत घाम पुसत मैनुद्दीनच्या दुकानात आले, आणि सुरैयाने दोन दिवसांत तोड काढली. मेलेल्या कॉम्प्युटरची डिस्क जशीच्या तशी उचलून तिने नव्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवली. जुनी विंडोज, जुना प्रोग्राम, सगळं आत पुन्हा डोळे उघडून कामाला लागलं. जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळ तासभर पुढे होतं. सेल गेला असेल बिचाऱ्याचा, म्हणून तिने जाता जाता तेही दुरुस्त केलं. आतलं घड्याळ बाहेरच्या घड्याळाकडे बघून आपणहून बरोबर होत राहील अशी सोय करून दिली. सुंदररावांनी पेढे वाटले. सुरैयाने दोन खाल्ले.

आणि मग दूध कोमट राहायला लागलं.

रोज नाही. चार-सहा दिवस सुरळीत जायचे आणि एखाद्या सकाळी टँकरवाला म्हाळू टाकीत लांब थर्मामीटर बुडवून मान हलवायचा. दूध पाच अंशांच्या खाली असेल तरच भरायचं, असा संघाचा नियम. म्हाळू भला माणूस. पण नियम त्याच्या हातात नव्हता. टँकर रिकामा परत जायचा, आणि वरून डोक्यावर कॅन घेऊन आलेल्या बाया आपापला वाटा कॅनमध्ये भरून घेऊन पुन्हा माळ चढायच्या. सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे म्हाळू थर्मामीटर बुडवत असायचा तेव्हा कॉम्प्रेसर मागे चांगला धडधडत असायचा. प्रत्येकाला वाटायचं, तो सकाळपासून धडधडतोच आहे. कॅनच्या खणखणाटात त्याच्याकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता?

तिसऱ्यांदा टँकर रिकामा गेला त्या दिवशी संघातून सुंदररावांना फोन आला. आणखी एकदा असं झालं, तर ह्या रस्त्याला टँकर फिरकणार नाही. डिझेल जाळून कोमट दूध बघायला कुणी येत नसतं. सुंदरराव तडक दुकानात आले. "सुरय्याबाई, तुमच्या त्या डब्यातल्या डब्यानं आमाला पार डब्यात घातलं की वो! येवढ्या बायांचं दूध कुठं ओतू म्या?"

जुना कॉम्प्युटर होता तोवर असं कधी झालं नव्हतं, सुरैयाने हात लावल्यावर झालं. हे शाळेतल्या पोरालाही कळत होतं. पुण्यात एखादी आतली मशीन अडली तर कुणाचा तरी अहवाल उशिरा जायचा. इथे केंद्र बंद पडणार होतं.

ती पहाटेच केंद्रावर जाऊन कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसू लागली. तिथे तिला सोबत असायची विठ्ठलराव तात्यांची. संस्था निघाली तेव्हापासून दूध मोजून घेणारा हा माणूस. कमरेत किंचित वाकलेला, सदऱ्याच्या बाह्या कायम दुमडलेल्या. कुणाच्या दुधात पाणी आहे हे तात्या न मोजता ओळखायचे, आणि ते पाणी का घातलं असेल हेही ओळखायचे, त्यामुळे ते चारचौघांत बोलायचे नाहीत, बाजूला घेऊन बोलायचे. वर माळावरच्या खडकवाडीच्या बाया येईपर्यंत त्यांच्या जिवाला चैन नसे. दुष्काळात वाडीला पाण्याचा टँकर पहाटे यायचा. बाया आधी हंडे भरणार, मग धार काढणार, मग माळ उतरणार. तात्या सारखे दारात जाऊन कपाळावर हात धरून वर बघत राहायचे.

सुरैया समोर बसली की आतली मशीन शहाण्या लेकरासारखी वागायची. दूध गार, टँकर भरून रवाना. आधी तिन्ही वेळा घोळ झाला होता तो ती तिथे नसतानाच. तिला त्या जाड वायरीचा संशय होता, जिच्यातून आतली मशीन कॉम्प्रेसरशी बोलायची. तिने वायर बदलली. मग वायरीचा खोबणीत बसणारा तुकडा बदलला. मग पुन्हा पहिलीच वायर लावली. तात्या तिच्यासाठी चहा आणून ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "लेकी, तू बसलीस की सुदं चालतंय बघ. तुझा धाक हाय त्याला." ती चिडायची. मशिनीला धाक नसतो, मशिनीला कारण असतं. पण कारण सापडत नव्हतं आणि रात्रीचं जेवण घशाखाली उतरत नव्हतं.

शेवटी मैनुद्दीननेच तिला हटकलं. तो एक मोटार मांडीवर घेऊन बसला होता. "तू समोर बसतीस तवा जळत न्हाई. मंग समोर बसतीस कावून? लांब जाऊन बस की. जळू दे, आन् जळताना पकड."

सुरैया उठली आणि तिने सापळा लावला. टाकीतलं दूध तापलेलं, कॉम्प्रेसर बंद, आणि तो बंद होऊन वाजवीपेक्षा जास्त वेळ लोटलेला, असं तिन्ही मिळून आलं की बाहेरच्या मशीनने आतलीला आहे त्या क्षणी जागच्या जागी गोठवायचं, आणि सुरैयाच्या मोबाईलवर निरोप धाडायचा. मग ती मुद्दाम घरी बसली. ह्या घरी बसण्याइतकं अवघड काम तिने आयुष्यात दुसरं केलं नसेल. निरोप येऊ नये असंही वाटत होतं आणि यावा असंही.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या सकाळी ती दात घासत असतानाच मोबाईल वाजला. तिने तशीच चूळ भरली, लॅपटॉप पाठीला मारला आणि स्कूटी काढली.

केंद्रावर पोचली तेव्हा सुंदरराव आधीच येऊन उभे होते. पडद्यावर सगळं थिजलेलं, कॉम्प्रेसर गप्प, आणि बाया एकामागून एक ऊन ऊन दूध टाकीत ओतताहेत. "हे बंद पडलंय का तुमी पाडलंय?" सुंदररावांनी विचारलं. तिने खरं ते सांगितलं. अर्धं पडलंय, अर्धं मी पाडलंय. सुंदररावांनी दोन्ही हात जोडून छताकडे बघितलं.

पेच असा होता. मशीन गोठलेली ठेवली तर कारण सापडेल, पण दूध जाईल, आणि त्या दुधाबरोबर टँकर कायमचा जाईल. मशीन बंद करून पुन्हा चालू केली तर कॉम्प्रेसर लागेल, पण कारण पुसलं जाईल आणि आठवड्याने परत हेच. खऱ्या मशीनचं असतं तर दोन्हीपैकी एकावर पाणी सोडावं लागलं असतं. पण पोटातल्या मशीनची एक खुबी असते. तिची, त्या थिजलेल्या क्षणासकट, हुबेहूब नक्कल काढता येते. सुरैयाने नक्कल आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतली, आणि ती पुरी होताच अस्सल मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. थोडा वेळ काही नाही. मग भिंतीमागे कॉम्प्रेसर एकदा खाकरला आणि धडधडायला लागला. सुंदररावांनी खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यात धपकन बसले.

सुरैया लॅपटॉप घेऊन कोपऱ्यातल्या रिकाम्या कॅनवर जाऊन बसली. आता तिला घाई नव्हती. तिने थिजलेल्या नकलेच्या आत शिरून प्रोग्राम कुठे अडला होता ते शोधलं. तो बिघडलाच नव्हता. तो मजेत वाट बघत होता. कॉम्प्रेसर बंद झाला की त्याला लगेच चालू करायचं नाही, थोडा दम खाऊ द्यायचा, नाहीतर मोटार जळते. मैनुद्दीनच्या लेकीला हे कुणी शिकवायला नको. प्रोग्राम तेच करत होता. बंद झाल्याची वेळ मनात धरून ठेवायची, आणि आत्ताच्या वेळेशी ताडून बघायची. तिने दोन्ही वेळा पडद्यावर आणल्या. आत्ताची वेळ पावणेसात. कॉम्प्रेसर बंद झाल्याची वेळ साडेसात.

तिने पुन्हा वाचलं. साडेसात अजून वाजायचे होते. जो कॉम्प्रेसर अजून बंदच व्हायचा होता, तो दम खाऊन कधी उठेल याची प्रोग्राम इमानेइतबारे वाट बघत बसला होता. आणि तासाभराने खरे साडेसात वाजून गेले असते, की तो आपणहून उठून धडधडू लागला असता, आणि म्हाळू येईपर्यंत कुणाला काही कळलं नसतं. म्हणजे मधेच केव्हातरी आतलं घड्याळ तासभर पुढे गेलं होतं, नेमका त्याच वेळी कॉम्प्रेसर थांबला होता, आणि मग घड्याळ परत जागेवर आलं होतं. परत जागेवर आणणारी तर तिनेच करून दिलेली सोय. पण पुढे ढकलणारा कोण?

तिने मान वर केली. आणि तिला तो दिसला.

तात्या कॅन विसळून आत येत होते; कोपऱ्यात बसलेली सुरैया त्यांच्या ध्यानात आली नाही. त्यांनी सदऱ्याला हात पुसले, दारातून वर माळाकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे वळले. पडद्यावर, त्याच आतल्या मशीनमधल्या दूध मोजून घेण्याच्या प्रोग्रामची भली मोठी वेळ दिसायची, खिडकीबाहेर उभ्या बायांनाही वाचता येईल अशी. तात्यांनी चष्मा सारखा केला, माऊस धरला आणि देवापुढचा दिवा पुढे सरकवावा इतक्या सहज घड्याळ एक तास पुढे करून टाकलं. मग स्टुलावर जाऊन बसले.

सुरैयाला संताप यायला हवा होता. आला नाही. छातीवरची धोंड कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवावी तसं झालं. कारण होतं! भूत नव्हतं, वायर नव्हती, तिचं शिक्षण वाया गेलं नव्हतं. ती कॅनवरून उठली, आधी आपल्या हाताने आतलं घड्याळ मागे घेतलं, त्याची किल्ली अशी फिरवली की आतून कुणालाही ते हलवता येणार नाही, कॉम्प्रेसरचा आवाज नीट कान देऊन ऐकला, आणि मग तात्यांसमोर उकिडवी बसली.

"तात्या, तुमी घड्याळ कावून पुढं करताव?"

तात्या चोरी पकडल्यागत ओशाळले. "तुला राग येतोय, म्हाईत हाय मला. म्या पुढं करतो आन् तू माघं घेतीस. म्हणून तू त्याच्यासमोर बसलेली असलीस की म्या त्याला हातच लावत न्हाई. लेकीसंगं कशाला वाद घालायचा?"

सुरैयाला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस हा माणूस समजत होता की घड्याळ मागे घेणारी ती आहे, आणि तिचा मान राखण्यासाठी तिच्या माघारी गुपचूप ते पुढे करत होता. "पण मुळात पुढं कावून, तात्या?"

"वरच्या बायांसाठी," तात्या म्हणाले. "लांबून येतेत. पाणी भरून येतेत. खरी येळ दाखवली तर म्हणतेत, हाय की अजून टाइम, आन् मंग टँकर निघून जातोय. तासभर पुढं ठिवलं म्हंजे पाय उचलतेत. जुन्या कॉम्प्युटरात बी म्या तसंच ठिवलं व्हतं. लई वर्सं झाली. कुणाचं दूध राहू नये, येवढंच."

मग तिने त्यांना काय झालं होतं ते सांगितलं. सोपं करून सांगितलं, दोष वाटून सांगितला, त्यातला मोठा वाटा स्वतःकडे ठेवला. सेल गेला असेल असं समजून विचारल्याविना घड्याळ दुरुस्त करणारी तीच होती. तरी तात्यांचा चेहरा पडला. त्यांनी दुमडलेल्या बाह्या सोडल्या आणि पुन्हा दुमडल्या. "म्हंजे त्या समद्या बाया दूध घेऊन माघारी गेल्या, ते माझ्या हातानं?"

ती उत्तर देणार तोच बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

म्हाळू आत आला. त्याने कुणाशी नजर मिळवली नाही, सरळ टाकीवर चढला. सुंदरराव उठून उभे राहिले. सुरैयाने मनातल्या मनात हिशेब मांडला: कॉम्प्रेसर केव्हा लागला, दूध किती, ऊन किती. हिशेब जुळत होता, पण जेमतेम. खिडकीबाहेर खडकवाडीची केसरबाई रिकामा कॅन काखेत धरून उभी होती. शेवटचं दूध तिचंच होतं. म्हाळूने थर्मामीटर बुडवला, वर काढला, पुसला, पुन्हा बुडवला. मग तो टाकीवरूनच म्हणाला, "बसतंय. लावा नळी."

बस्स, एवढंच. पण त्या एवढ्याने काय झालं म्हणता! सुंदररावांनी डोक्यावरची टोपी काढून तिनेच तोंड पुसलं. तात्या भिंतीला टेकले. बाहेर बायांचा एकच गलका झाला, आणि सुरैयाला एकदम कडकडून भूक लागली. कित्येक दिवसांत तिला भूक अशी लागलीच नव्हती. तिने सुंदररावांनी आणलेले पोहे बशीतून नव्हे, सरळ कागदातूनच खाल्ले.

टँकर भरत असताना तिने आणखी एक काम उरकलं. आतल्या मशीनचं घड्याळ खरं ठेवलं, कुलूपबंद. पण बाहेरच्या मशीनच्या पडद्यावर, आतलीच्या वेळेच्या अगदी बरोबर वर, एक मोठं वेगळं घड्याळ बसवलं, ज्याचा कशाशी काही संबंध नाही. "हे तुमचं," ती तात्यांना म्हणाली. "ह्याला वाटेल तेवढं पुढं करा. आतल्याला कळणार न्हाई."

तात्यांनी हात पुढे केला आणि थांबले. "नगं," ते म्हणाले. "खरंच ठिव. येवढा ताप झाला माझ्यापायी. लबाडी ती लबाडीच. बायांना आता खरी येळ कळू दे." आणि ते उठून खिडकीशी गेले. हा माणूस मनाने इतका सरळ, की लगेच कबुली द्यायला गेला. "केसरबाई, ऐका. हे घड्याळ इतकी वर्सं म्या तासभर पुढं ठिवत आलो. तुमी लवकर याव म्हणून. चुकलं माझं."

केसरबाईने कॅन खाली ठेवला आणि त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही तात्यांनी सूर्य पूर्वेला उगवतो ही बातमी आणली होती. "तात्या, आमाला म्हाईत न्हाई व्हय? समद्या वाडीला म्हाईत हाय. माझ्या सासूनं मला लगीन झाल्या झाल्या सांगितलंतं, डेरीचं घड्याळ घंटाभर म्होरं असतंय, त्या हिशोबानं निघायचं. आमी तसंच येताव."

"मंग तुमी बोलला न्हाई कधी?"

"काय बोलायचं? तुमी मायेनं करताव, आमी मायेनं फसताव."

बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आधी सुंदरराव हसले, मग टाकीवरून म्हाळू. सुरैया हसायला लागली ती थांबेचना. पोह्याचा कागद हातात, डोळ्यांतून पाणी. एवढ्या वर्षांत त्या घड्याळाने एकाही माणसाला फसवलं नव्हतं. साऱ्या पंचक्रोशीत त्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवणारा एकच निघाला, आणि तो म्हणजे तिने पोटात घालून आणलेला तो बिचारा आतला कॉम्प्युटर.

तात्या मात्र हसले नाहीत. त्यांचा हात अजून खिडकीच्या गजावर होता. "मंग तर काढूनच टाकतो," ते हळू आवाजात म्हणाले. "फुकाच पुढं करत बसलो म्हणायचं."

"काढू नगा!" केसरबाई ओरडलीच. "येडे का काय तुमी? आमच्या डोक्यात घंटाभर म्होरंच बसलंय. खरं केलं, तर आमी समद्या घंटाभर उशिरा येऊ. आन् दुसरं म्हंजे..." ती जरा घुटमळली, कॅन उचलून तिने काखेत घेतला. "माळ उतरताना पायाखाली फुफाटा, डोक्यावर ऊन, घरात पाण्याचा थेंब न्हाई. तवा मनात येतंय, खाली तात्यांनी घड्याळ म्होरं करून ठिवलं असंल. येवढ्या दुष्काळात आपली कुणी येवढी वाट बघतंय, ह्याच्यावरच पाय उचलतेत, तात्या."

तात्या वळले, त्यांनी चष्मा पुसला, आणि सुरैयाने बसवलेल्या मोठ्या घड्याळापाशी येऊन, सगळ्यांच्या देखत, ते एक तास पुढे केलं. सुरैयाने त्यांना स्टूल सरकवून दिलं. मागे कॉम्प्रेसर धडधडत होता, आणि आतली मशीन आपल्या खऱ्या वेळेत निवांत काम करत होती.

त्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा कधी रिकामा गेला नाही. घरी मैनुद्दीनने विचारलं, "कावून जळत व्हतं?" तेव्हा सुरैयाने पहिल्यांदाच एका शब्दात उत्तर दिलं. ती म्हणाली, "मायेनं," आणि ताट वाढून घेतलं.